दगड बनवणारे जिवाणू आणि माझी एक चूक

लोकलमध्ये नेटवर्क जातं म्हणून ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं पडतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना अडखळलो तेवढं काढलंय, बाकी जवळजवळ तसंच.

आजचा एपिसोड माफीने सुरू करायचाय.

दोन महिन्यांपूर्वी समुद्रातल्या जिवाणूंवर एक छोटा एपिसोड केला होता, आठवत असेल. त्यात मी एक वाक्य ठोकून दिलं होतं. "हे जिवाणू कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्याचा चक्क दगड करतात. म्हणजे समुद्रात जितका जास्त चुनखडीचा दगड बनेल, तितका हवेतला कार्बन कमी." ऐकायला झकास वाटतं ना? मलाही वाटलं. त्याची रील केली, आणि ती नेहमीपेक्षा जरा जास्तच फिरली.

माझी मावसबहीण बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने कॉलेजच्या पोस्टर स्पर्धेसाठी हाच विषय घेतला. पोस्टर सुंदर झालं होतं, मला फोटो पाठवला होता. परीक्षक बाईंनी ते शांतपणे वाचलं आणि म्हणाल्या, "छान. आता ही अभिक्रिया लिहून दाखव." तिने लिहायला घेतली आणि मध्येच थांबली. कारण उजव्या बाजूला, दगडाच्या शेजारीच, कार्बन डायऑक्साइड येऊन उभा राहिला होता. बाई म्हणाल्या, "अगं, हा तर बाहेर पडतोय. मग हवेतला कमी कसा होतोय?"

तिच्याकडे उत्तर नव्हतं. रात्री फोन आला. "दादा, तू सांगितलेलं मी जसंच्या तसं लिहिलं. तू ती अभिक्रिया बघितली होतीस का?"

नव्हती बघितली. खरं सांगतो, मी तेव्हा मथळे वाचून बोललो होतो. तिला फोनवर "सॉरी" म्हणालो, पण ते पुरेसं नाही, कारण तुमच्यापैकी अनेकांनी ती रील पुढे पाठवली आहे. म्हणून आज तोच विषय परत, नीट. जिवाणू दगड बनवतात हे शंभर टक्के खरं आहे. प्रश्न एवढाच आहे की त्या दगडाचा कार्बनचा हिशेब कसा मांडायचा.

चुन्याच्या निवळीने मला कसं फसवलं

माझ्या चुकीचं मूळ शाळेत सापडलं. चुन्याच्या निवळीचा प्रयोग आठवतोय? परीक्षानळीत चुन्याची निवळी घ्यायची, स्ट्रॉने त्यात फुंकायचं, आणि निवळी दुधाळ होते. "यावरून सिद्ध होते की उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो." पूर्ण मार्क.

ते दुधाळ म्हणजे काय? कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण. तोच खडू, तीच चुनखडी, तोच संगमरवर, अंड्याचं कवचही मुख्यतः तेच. म्हणजे आपण फुंकरीतला वायू घेतला आणि त्याचा दगड केला. डोक्यात सूत्र पक्कं बसलं: दगड बनला की कार्बन डायऑक्साइड पकडला गेला.

पण प्रयोगाचा पुढचा भाग बहुतेक वर्गांत कुणी करून दाखवत नाही. फुंकत राहिलात, आणखी थोडा वेळ, तर ती दुधाळ निवळी परत स्वच्छ होते. कारण जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडने तो बारीक दगड विरघळतो आणि पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट होऊन बसतो. आता ते स्वच्छ पाणी उकळा. वायू निघून जातो आणि पाणी पुन्हा गढूळ होतं, दगड परत येतो.

ज्यांच्याकडे बोअरचं पाणी येतं त्यांना हा दुसरा भाग प्रयोगाशिवायच माहीत आहे. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा, कडक थर बसतो, ज्याला आपण "क्षार धरले" म्हणतो, तो मुख्यतः हाच. पाणी तापलं, बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड सुटला आणि मागे दगड उरला. तुमच्या गीझरने हवेतला कार्बन पकडला का? उलट, सोडला.

मग निवळीत उलटं का दिसलं? कारण त्यातला चुना भाजलेला असतो. चुनखडी भट्टीत भाजतात, तेव्हा त्यातला कार्बन डायऑक्साइड आधीच हवेत गेलेला असतो. आपण फुंकून तो फक्त परत भरतो. शाळेत आपल्याला गोष्टीचा दुसरा अंक दाखवला जातो, पहिला अंक भट्टीवर होऊन गेलेला असतो.

समुद्रात भाजलेला चुना नाही. तिथे कार्बन बहुतांशी बायकार्बोनेटच्या रूपात आधीच विरघळलेला आहे. तिथली अभिक्रिया म्हणून गीझरसारखी चालते. एक कॅल्शियम आणि दोन बायकार्बोनेट घ्या. त्यातून एक कॅल्शियम कार्बोनेट, एक पाणी आणि एक कार्बन डायऑक्साइड मिळतो. दोन कार्बनपैकी एक दगडात गेला, एक सुटला. खरं तर समुद्राचं पाणी या धक्क्याला थोडं सांभाळून घेतं, त्यामुळे दगडाच्या दर रेणूमागे पूर्ण एक नाही, साधारण ०.६ रेणू कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो. पण दिशा तीच राहते.

परीक्षक बाईंचा प्रश्न बरोबर होता.

मग जिवाणू नेमकं करतात काय?

आधी समुद्राची एक गंमत सांगतो. उष्ण प्रदेशातल्या समुद्राच्या वरच्या थरात कॅल्शियम कार्बोनेट गरजेपेक्षा जास्त विरघळलेलं असतं. एका लिटरमध्ये सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. हिशेबाने तिथे आपोआप दगडाचे कण पडायला हवेत. पण सहसा पडत नाहीत. एक कारण मॅग्नेशियम. ते कॅल्शियमच्या तिप्पट वजनाने असतं आणि स्फटिक वाढू लागला की मध्ये येतं. शिवाय फॉस्फेट आणि सेंद्रिय पदार्थही अडथळा आणतात. स्फटिकाची पहिली वीट बसणंच अवघड असतं.

जिवाणू इथे दोन प्रकारे कामाला येतात.

पहिली गोष्ट, त्यांच्या पेशीच्या बाहेरच्या भिंतीवर आणि त्यांनी सोडलेल्या चिकट पदार्थावर ऋण विद्युतभार असतो. कॅल्शियमचा आयन धन. तो तिथे येऊन चिकटतो. पहिल्या विटेला जागा मिळते.

दुसरी आणि जास्त महत्त्वाची गोष्ट म्हणजे जिवाणू जगण्यासाठी जे काही करतात, खातात, श्वास घेतात, त्याने आजूबाजूच्या पाण्याची आम्लता बदलते. पाणी आम्लारीकडे झुकलं की बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं, आणि कार्बोनेट कॅल्शियमला भेटलं की दगड.

हे लक्षात घ्या, कारण इथेच सगळे घसरतात. शिंपला स्वतःचं घर बांधतो, प्रवाळ स्वतःचा सांगाडा बांधतो. बहुतेक जिवाणूंना दगडाचा काही उपयोग नसतो. आपण स्वयंपाक करतो आणि भिंतीवर फोडणीचा डाग पडतो, तसा हा दगड त्यांच्या जगण्याचा मागे उरलेला डाग आहे. १९७३ मध्ये 'नेचर'मध्ये स्पेनमधल्या संशोधकांचा एक निबंध आला होता. त्याचं सार असं, की योग्य माध्यम दिलं तर मातीतल्या जिवाणूंनी कॅल्साइटचे स्फटिक बनवणं ही अगदी सर्वसाधारण गोष्ट आहे. म्हणजे "दगड बनवणारा खास जिवाणू" शोधण्यात फार अर्थ नाही. तो कुठे राहतो आणि काय खातो, हे विचारायचं.

ड्रूची गोष्ट

हा प्रश्न पहिल्यांदा समुद्रावर जाऊन विचारणाऱ्यांपैकी एक होता जॉर्ज हॅरॉल्ड ड्रू, एक तरुण इंग्लिश संशोधक. १९११-१२ च्या सुमारास तो फ्लोरिडाजवळची टॉर्टुगस बेटं आणि बहामाचं अँड्रॉस बेट इथे काम करत होता. बहामाच्या उथळ समुद्राचा तळ पांढऱ्याशुभ्र, पिठासारख्या चुन्याच्या चिखलाने भरलेला आहे. एवढा चिखल आला कुठून? ड्रूने त्यातून जिवाणू वेगळे केले. त्यातल्या एकाला नाव दिलं 'बॅक्टेरियम कॅल्सिस', म्हणजे चुन्याचा जिवाणू. हा जिवाणू नायट्रेटवर जगतो, पाणी आम्लारी करतो आणि चुना खाली पडतो, असं त्याचं म्हणणं.

त्याचा निबंध १९१४ मध्ये छापून आला. तेव्हा ड्रू या जगात नव्हता. ऐन तिशीत तो गेला.

पुढे १९२० च्या दशकात चार्ल्स लिपमन या अमेरिकन संशोधकाने ड्रूचं काम पुन्हा तपासलं आणि एक साधा आक्षेप घेतला. ड्रूच्या बाटलीतलं पाणी समुद्राचं पाणी नव्हतं, त्यात वरून कॅल्शियमचे क्षार आणि खाद्य घातलेलं होतं. बाटलीत जे झालं तेच समुद्रात होतं हे कशावरून? बहामाच्या चिखलाचा सगळा उगम जिवाणूंमध्ये आहे, हे ड्रूला सिद्ध करता आलं नाही. त्या चिखलात शेवाळांच्या सांगाड्यांचाही वाटा आहे असं पुढे दिसलं आणि वाद आजही पूर्ण मिटलेला नाही.

मला ही गोष्ट का आवडली सांगू? ड्रूने बाटलीत जे पाहिलं ते खरं होतं. जिवाणूंमुळे चुना पडतो, हे आज कुणी नाकारत नाही. चुकला तो बाटलीतून थेट समुद्रावर उडी मारताना. मी रीलमध्ये नेमकी तीच उडी मारली होती, त्याच्याइतकी मेहनत न करता.

बत्तीस वर्षं थांबून काही नाही

पहिली वीट बसणं किती अवघड असतं याचं एक भारी उदाहरण देतो, मग पुढे जाऊ.

डोलोमाइट नावाचं खनिज आहे. यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम एकाआड एक थरांत बसलेले असतात. फ्रेंच भूशास्त्रज्ञ देओदा द दोलोम्यू याने १७९१ मध्ये त्याचं वर्णन केलं, त्याच्यावरून नाव पडलं, आणि इटलीतल्या आल्प्सच्या एका भागालाही तेच नाव मिळालं. जुन्या खडकांत डोलोमाइट डोंगरच्या डोंगर आहेत. आजच्या समुद्रात मात्र ते फार क्वचित बनताना दिसतं.

लिन्टन लँड या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने २५ अंश सेल्सिअसला एक द्रावण ठेवून दिलं. डोलोमाइट बनायला लागतं त्याच्या हजारपट घटक त्यात होते. तो थांबला. ३२ वर्षं थांबला. १९९८ मध्ये त्याने निबंध छापला, आणि त्याचं शीर्षकच "अपयश" या शब्दाने सुरू होतं. एकही स्फटिक नाही!

दरम्यान १९९५ मध्ये क्रिझोगोनो वास्कोन्सेलोस आणि ज्युडिथ मॅकेन्झी यांच्या गटाने ब्राझीलमध्ये रिओ द जानेरोजवळच्या 'लागोआ व्हर्मेल्या' या खारट सरोवरातल्या जिवाणूंवर काम करून दाखवलं, की ऑक्सिजन नसलेल्या चिखलात सल्फेटवर जगणारे जिवाणू असतील तर साध्या तापमानालाही डोलोमाइट बनू शकतं. मॅग्नेशियम स्वतःभोवती पाण्याचे रेणू घट्ट धरून बसतं, आणि जिवाणूंच्या चिकट पदार्थामुळे ती पकड सुटते, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं.

पण गोष्ट इथेही एका कारणावर थांबत नाही. २०२३ मध्ये मिशिगन आणि होक्काइडो विद्यापीठांच्या संशोधकांनी जिवाणूंशिवाय डोलोमाइट वाढवून दाखवलं. युक्ती काय? वाढू द्यायचं, मग थोडं विरघळवायचं, परत वाढू द्यायचं. चुकीच्या जागी बसलेले अणू आधी निघून जातात. असं दोन तासांत सुमारे ४,००० वेळा केल्यावर डोलोमाइटचे साधारण ३०० थर चढले. त्याआधी प्रयोगशाळेत पाचच्या वर थर गेले नव्हते. भरती-ओहोटी, पाऊस आणि ऊन यांच्यामुळे निसर्गातही असं विरघळणं-वाढणं होत असणार.

म्हणजे दगड बनायला जिवाणू लागतातच असं नाही. पण जिथे काम अडून बसलंय तिथे ते अडथळा बाजूला करतात.

तीन जिवाणू, तीन हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे. कार्बन कुठे जातो? याचं एकच उत्तर नाही, कारण जिवाणू वेगवेगळं खातात. तीन खातेवह्या उघडू.

पहिली खातेवही सायनोबॅक्टेरियांची. हे वनस्पतींसारखे सूर्यप्रकाशावर जगतात. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर शार्क बे आहे, तिथल्या हॅमेलिन पूल या अतिखारट उथळ पाण्यात गुडघाभर उंचीचे काळपट दगडी गोळे उभे आहेत. त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. वरच्या पातळ, चिकट थरात जिवाणूंची वस्ती. ते वाळूचे कण पकडतात, आणि प्रकाशसंश्लेषण करताना पाण्यातून कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात म्हणून तिथे चुना पडतो. थरावर थर, वर्षाला एक मिलिमीटरही नाही इतक्या संथपणे. ऑस्ट्रेलियातच जवळपास ३५० कोटी वर्षांपूर्वीचे असे दगड सापडलेत. पृथ्वीवरच्या जीवनाच्या सर्वांत जुन्या खुणांमध्ये त्यांची गणना होते. आपल्याकडे बघायचे असतील तर राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडा इथे प्राचीन स्ट्रोमॅटोलाइट आहेत.

इथे हिशेब कसा? दगड बनताना जो कार्बन डायऑक्साइड सुटायला हवा, तो जिवाणूनेच खाल्लेला असतो. म्हणून त्या क्षणी बाहेर काही दिसत नाही. पण जिवाणू मेला आणि कुजला की त्याच्या शरीरातला कार्बन परत पाण्यात. म्हणजे हे कर्ज फेडलेलं नाही, पुढे ढकललेलं आहे.

दुसरी खातेवही चिखलातल्या जिवाणूंची. कोकणात खाडीच्या काठी ओहोटीला उभे राहिला असाल तर तो वास माहीत असेल, सडक्या अंड्यासारखा. तो हायड्रोजन सल्फाइडचा. चिखलात ऑक्सिजन नसतो, तेव्हा काही जिवाणू समुद्रातलं सल्फेट "श्वासाला" वापरतात. कुजलेली पानं, मेलेलं शेवाळ खातात, आणि त्या बदल्यात बायकार्बोनेट आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. इथे महत्त्वाचं काय, तर पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद वाढते. कॅल्शियम हाताशी असेल तर दगड पडतो, आणि त्याच्यासोबत सुटणारं आम्ल झेललंही जातं. हा हिशेब चांगला दिसतो, पण एक अट आहे. तो सल्फाइड लोखंडाशी बांधला जाऊन चिखलातच राहिला पाहिजे. वर येऊन ऑक्सिजनला भेटला तर त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं, आणि कमावलेलं सगळं जातं.

तिसरी खातेवही मला सर्वांत आवडली, कारण ती आपल्या नद्यांपर्यंत येते.

गोदावरीच्या तोंडाशी

गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते, कृष्णा महाबळेश्वरला. दोघी सह्याद्रीतून निघून बंगालच्या उपसागराला मिळतात. लाखो वर्षं त्यांनी गाळ नेऊन टाकलाय आणि त्या गाळात पालापाचोळा, सेंद्रिय पदार्थ गाडले गेलेत. खोल चिखलात सूक्ष्मजीव त्यांच्यापासून मिथेन बनवतात. २००६ मध्ये 'जॉइडिस रेझोल्यूशन' या जहाजाने भारताच्या राष्ट्रीय मोहिमेत कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या समुद्रतळाखाली खोदकाम केलं, तेव्हा तिथे मिथेन कोंडलेला बर्फ, म्हणजे गॅस हायड्रेट, सापडला.

हा मिथेन वर झिरपतो तेव्हा त्याची वाट अडवणारे सूक्ष्मजीव आहेत. इथे जोडी काम करते. एक मिथेन खाणारा आर्किया. हा दिसायला जिवाणूसारखा पण वेगळ्या कुळातला. दुसरा त्याला चिकटून राहणारा, सल्फेटवर जगणारा जिवाणू. अशा जोड्या अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्याजवळ समुद्रतळाच्या चिखलात प्रत्यक्ष पाहिल्याचं २००० साली जाहीर झालं. काळ्या समुद्रात तर या सूक्ष्मजीवांनी बनवलेले कार्बोनेटचे मनोरे चार मीटरपर्यंत उंच आहेत.

गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, आपण जिला एनआयओ म्हणतो. तिथल्या संशोधकांनी २००९ मध्ये कृष्णा-गोदावरी खोऱ्यातून वर आणलेल्या गाळातल्या कार्बोनेटच्या गाठींबद्दल लिहिलं. पूर्वी कधीतरी इथे समुद्रतळातून मिथेन झिरपत होता, याचा तो पुरावा होता.

आता तुम्ही विचाराल, दगडातला कार्बन मिथेनचा आहे हे कसं कळतं? कार्बनचे दोन टिकाऊ प्रकार आहेत, हलका कार्बन-१२ आणि जरा जड कार्बन-१३. मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव हलक्याला पसंती देतात, त्यामुळे मिथेनमध्ये कार्बन-१३ फारच कमी असतो. शिंपल्याचा चुना आणि मिथेनचा चुना हातात घेतला तर सारखाच, पण यंत्राखाली ठेवला की जात ओळखू येते.

या खातेवहीचा हिशेब बघा. डाव्या बाजूला मिथेन, सल्फेट, कॅल्शियम. उजव्या बाजूला दगड, पाणी, हायड्रोजन सल्फाइड. कार्बन डायऑक्साइड कुठेच नाही! सल्फाइडची मघाची अट इथेही आहे. पण मुख्य कमाई वेगळीच आहे. शंभर वर्षांच्या हिशेबात वजनाला वजन धरलं तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ ते ३० पट जास्त उष्णता अडवतो. समुद्रतळातून निघणाऱ्या मिथेनचा मोठा भाग हे सूक्ष्मजीव पाण्यात पोचण्याआधीच खाऊन टाकतात. दगड ही त्या कामाची पावती. हवेला मदत झाली ती मिथेन खाल्ल्याने.

खरा पकडणारा कोण?

मग मोठ्या काळात हवेतला कार्बन डायऑक्साइड दगडात जातो का? जातो. पण त्याचा पहिला अंक जमिनीवर होतो, आपल्या सह्याद्रीसारख्या ठिकाणी.

दख्खनचा काळा पाषाण, बेसॉल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पावसाच्या पाण्यात हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, सौम्य आम्ल होतं आणि ते बेसॉल्टला हळूहळू खातं. या अभिक्रियेत एका कॅल्शियममागे दोन कार्बन डायऑक्साइड वापरले जातात आणि दोन बायकार्बोनेट होऊन नदीतून समुद्रात जातात. तिथे दगड बनला की दोनातला एक परत सुटतो, एक दगडात राहतो. दोन घेतले, एक परत दिला, एक कायमचा ठेवला.

आता माझी चूक अगदी स्पष्ट दिसते. मी फक्त समुद्रातला अंक पाहिला आणि पकडण्याचं श्रेय तिथे देऊन टाकलं. तिथे तर एक परत दिला जातो. पकडण्याचं काम पाऊस आणि काळा दगड करून बसलेले असतात, लाखो वर्षांच्या संथ गतीने. आणि आणखी एक दुरुस्ती. आजच्या समुद्रात कार्बोनेटचा बहुतेक भाग जिवाणू नाही, तर कवचवाले सूक्ष्म शेवाळ, फोरामिनिफेरा आणि प्रवाळ यांच्यासारखे जीव बनवतात.

मग याचा काही उपयोग?

आहे ना. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात हेंक योंकर्स यांनी काँक्रीटमध्ये जिवाणूंचे सुप्त बीजाणू आणि त्यांचं खाद्य म्हणून कॅल्शियम लॅक्टेट मिसळायची पद्धत विकसित केली. भेग पडली, पाणी आत गेलं की जिवाणू जागे होतात, खातात आणि भेगेत चुना भरतो. गळती थांबते, आतली सळई गंजत नाही. दुसरी एक पद्धत युरिया फोडणाऱ्या जिवाणूंची, तिने सुटी वाळू घट्ट करता येते. त्यात अमोनिया तयार होतो, त्याची सोय लावावी लागते.

यात हवामानाचा फायदा आहे, पण तो आडवाटेने येतो. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या एकूण उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे, आणि त्यातला मोठा भाग चुनखडी भाजताना सुटतो. निवळीचा पहिला अंक, आठवला? बांधकाम जास्त टिकलं तर नवं सिमेंट कमी लागेल. वाचतं ते इथे. भेगेतल्या चिमूटभर दगडाने हवा स्वच्छ होत नाही.

यापुढे "जिवाणू कार्बनचा दगड करतात, प्रश्न सुटला" असा मथळा दिसला तर शेअर करण्याआधी तीन प्रश्न विचारा. एक, कार्बन आला कुठून, हवेतून, मिथेनमधून की आधीच पाण्यात असलेल्या बायकार्बोनेटमधून? दोन, दगडासोबत सुटणारं आम्ल कोण झेलतंय? तीन, ते झेलणारं रसायन भट्टीत भाजून आणलंय का? उत्तरं असतील तर बिनधास्त शेअर करा. नसतील तर मला पाठवा, आपण दोघे मिळून शोधू.

घरी करायचा प्रयोगही सांगतो. गीझरची कॉइल बदलायला आलेल्या माणसाकडून तो पांढरा थर थोडा मागून घ्या. नाही मिळाला तर अंड्याचं कवच चालेल. वाटीत ठेवून वर व्हिनेगर ओता. बुडबुडे येतील. तो कार्बन डायऑक्साइड. दगड बनताना एक कार्बन सुटला होता, एक दगडात अडकला होता. तुम्ही आता तो अडकलेलाही सोडताय. म्हणून "दगडात गेला म्हणजे कायमचा गेला" हेही आम्लाची गाठ पडेपर्यंतच खरं.

ती जुनी रील मी काढून टाकलेली नाही. वर दुरुस्ती पिन केली आहे, म्हणजे चूक काय होती हेही दिसेल. मावसबहिणीने पोस्टर पुन्हा केलंय. यावेळी दोन्ही बाजू पूर्ण लिहिलेली अभिक्रिया मधोमध मोठ्या अक्षरात आहे, आणि खाली सह्याद्रीपासून समुद्रापर्यंत एक बाण. छापायच्या आधी तिने मला फोटो पाठवला आणि लिहिलं, "दादा, यावेळी मी तुला तपासायला सांगत नाहीये. फक्त दाखवतेय."

योग्यच आहे. भेटू पुढच्या आठवड्यात!